व्हिडिओ आपल्याकडे पाहत नाही

स्वयंपाकघरातला नळ गळत होता. प्लंबरला बोलावले तर तो ‘संध्याकाळी येतो’ म्हणणार आणि ती संध्याकाळ पुढच्या आठवड्यात उगवणार, हे ठाऊक असल्याने मी मोबाइल घेऊन बसलो. वॉशर कसा बदलायचा याचे सात व्हिडिओ पाहिले. काही हिंदीत, काही मराठीत, एक तर चक्क तमिळमध्ये. सातवा संपला तेव्हा आपला नळ झाला की शेजारच्यांचाही करून देऊ, इथवर आत्मविश्वास पोचला होता. पाना लावला, दोन आटे फिरवले आणि पाण्याचा फवारा थेट छताला लागला. टाकीचा कॉक आधी बंद करायचा असतो. ते सातही जणांनी सांगितले होते, पहिल्याच मिनिटात, आणि ते पहिले मिनिट मी सातही वेळा पुढे सरकवले होते. इंदुरात नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते. रिकाम्या टाकीची किंमत इथल्या वाचकाला वेगळी सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी प्लंबर आला. त्याने सगळा प्रकार ऐकून घेतला, पाना माझ्याच हातात दिला आणि म्हणाला, “भिया, आप करो, मैं देख रिया हूँ.” पाच मिनिटांत नळ झाला. त्यातही एकदा त्याने माझे मनगट धरून थांबवले, कारण मी आटा गरजेपेक्षा जास्त आवळत होतो आणि नवा वॉशर पहिल्याच दिवशी चेपला असता.

आज शिवण, बेकिंग, गिटार, एक्सेल, मोटारसायकलची दुरुस्ती, पेटी, योगासने, संगणकाची भाषा, सगळे व्हिडिओवरून शिकले जाते. त्याला नाके मुरडण्यात अर्थ नाही. ज्या गावात शिवणाचा वर्ग नाही, तिथल्या बाईला ब्लाउजचा कटोरी कट शिकायला मिळाला, ही लहान गोष्ट नव्हे. प्रश्न इतकाच आहे की तासन्‌तास पाहूनही अनेकांच्या हातात काही उतरत का नाही आणि थोड्यांच्याच का उतरते.

माझी फजिती एकट्याची नाही, असा दिलासा शिकागो विद्यापीठातल्या मायकेल कार्डस आणि एड ओब्रायन या दोन संशोधकांनी दिला आहे. टेबलावरच्या ताटवाट्या न हलवता खालचे कापड झटक्यात ओढून काढण्याचा एक खेळ असतो. त्याचा व्हिडिओ त्यांनी काही जणांना एकदा दाखवला, काहींना वीस वेळा. वीस वेळा पाहणाऱ्यांना आपल्याला हे जमेल याची खात्री कितीतरी अधिक वाटली. त्याच कृतीचे वर्णन पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांची खात्री मात्र तशी वाढली नाही. मग डार्ट फेकणे आणि मायकेल जॅक्सनची मागे सरकणारी चाल, असे प्रत्यक्ष करून पाहण्याचे प्रयोग झाले. वीसदा पाहणाऱ्यांना एकदाच पाहणाऱ्यांपेक्षा काडीचेही अधिक जमले नाही. वाढली ती फक्त खात्री. हा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यातला मला सर्वांत आवडलेला भाग शेवटचा आहे. दांडकी हवेत उडवून झेलण्याच्या खेळाचा व्हिडिओ दाखवल्यावर काही जणांच्या हातात ती दांडकी क्षणभर नुसती धरायला दिली. उडवायची नाहीत, फक्त धरायची. तेवढ्यानेही त्यांची घमेंड बरीच उतरली.

असे का होते हे स्वयंपाकघरात उभे राहिले की कळते. एकतारी पाक व्हिडिओत दिसतो. दोन बोटांमध्ये ताणलेली तार अगदी जवळून दाखवलेली असते. पण पाक किती चिकट लागला म्हणजे तार येते आणि किती लागला की ती वेळ टळून गेलेली असते, हे त्या बोटांनाच माहीत. डोळ्यांना पायऱ्या कळतात: आधी हे, मग ते. जोर किती, ताण किती, हात कधी थांबवायचा, हे कॅमेऱ्यात येत नाही. शिवाय करणारा सराईत असतो. त्याचे सहज होणे पाहून ते काम सोपे आहे असा आपला समज होतो.

चित्र दाखवून शिकवण्याचा प्रयोग आपल्या भागाला नवा नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह उसना घेऊन भारताने सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत दूरचित्रवाणीवरून शेती, आरोग्य आणि शाळेचे धडे पोचवले. त्या सहांत मध्य प्रदेश होता. १५ ऑगस्ट १९८४पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे वर्ग दूरदर्शनवर येऊ लागले. दुपारच्या सामसूम वेळी लागणारे ते कार्यक्रम पुष्कळांना आठवत असतील. आमच्या पिढीला ते शिक्षणापेक्षा झोपेसाठी अधिक उपयोगी पडले, हे कबूल करायला हवे. अशा कार्यक्रमांची निर्मिती करणारे एक केंद्र इंदुरातच, देवी अहिल्या विद्यापीठात आहे. आज ते ‘स्वयम्’सारख्या ऑनलाइन शिक्षणाच्या मंचासाठी अभ्यासक्रम तयार करते. म्हणजे यूट्यूब २००५ साली जन्मले त्याच्या कितीतरी आधीपासून या शहरात धडे चित्रित होत आहेत.

त्या काळच्या आणि आताच्या व्हिडिओत मोठा फरक आहे तो थांबवण्याच्या बटणाचा. दूरदर्शनवरचा प्राध्यापक थांबत नसे. वही उघडेपर्यंत तो पुढच्या समीकरणावर गेलेला असे. आज शिकवणाऱ्याला वाक्याच्या मध्यावर गोठवून ठेवता येते, मागे नेता येते, दहादा तेच बोलायला लावता येते. इतका आज्ञाधारक मास्तर इतिहासात कोणालाही मिळाला नव्हता. आणि आपण ते बटण वापरतो कशासाठी, तर दाराची घंटा वाजली तर.

हे बटणच केंद्रस्थानी ठेवून शिकवण्याची पद्धत बांधणारा एक उपक्रम महाराष्ट्रात झाला, आणि त्याची चर्चा व्हावी तितकी होत नाही. आयआयटी मुंबईतले रसायन अभियांत्रिकीचे प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांनी उभा केलेला ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा तो प्रकल्प. केंद्र सरकारच्या मदतीने घडलेल्या या प्रकल्पात मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे, साधारण दहा मिनिटांचे एकेक धडे आहेत. ते विद्यार्थ्याने कसे पाहायचे हेही ठरवून दिलेले आहे: पडद्याच्या अर्ध्या भागात व्हिडिओ आणि उरलेल्या अर्ध्यात तेच सॉफ्टवेअर उघडे. व्हिडिओत एक कृती दिसली की थांबायचे, शेजारी ती करायची, दोन्हीकडे सारखे दिसले की पुढे जायचे. दिसले नाही, तर आपली चूक तिथल्या तिथे समोर उभी असते. दहा मिनिटांच्या धड्याला मग अर्धा तास लागतो, आणि तो लागलाच पाहिजे. व्हिडिओच्या लांबीइतक्याच वेळात जो संपला तो धडा पाहून झालेला असतो, शिकून झालेला नसतो.

या प्रकल्पातल्या आणखी दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. धडा ध्वनिमुद्रित होण्याआधी त्याची संहिता त्या विषयातल्या नवख्या माणसाकडून तपासून घेतात. जाणकाराला जे सांगण्याची गरजच वाटत नाही, तिथे नवखा अडतो, आणि ती अडचण संहितेतच दूर होते. दुसरी गोष्ट भाषेची. आवाज मराठीत, तमिळमध्ये, बंगालीत, अनेक भारतीय भाषांत बदलला जातो; पडद्यावरचे सॉफ्टवेअर मात्र इंग्रजीच राहते, कारण नोकरीच्या ठिकाणी समोर तेच येणार आहे. समजायचे आपल्या भाषेत आणि हात चालवायचा कामाच्या भाषेत, ही वाटणी मला फार शहाणपणाची वाटते. इंदूरच्या मराठी मुलांना ती समजावून सांगायला नको. घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि पुस्तकात इंग्रजी, अशा तीन घरांत ती लहानपणापासून राहत आली आहेत.

मोबाइलच्या पडद्यावर असे दोन भाग करणे कठीण, हे खरे. पण शेजारी म्हणजे पडद्यातच असे नव्हे. फोन ओट्याला टेकवून ठेवावा आणि परात समोर असावी. गिटार मांडीवर असावी. फोन हातात धरून पलंगावर लोळत पाहिलेला कौशल्याचा कोणताही व्हिडिओ करमणुकीच्या खात्यात टाकावा.

इथवर जे सांगितले त्याने निम्म्या कौशल्यांचे काम भागते. उरलेल्या निम्म्यांचे भागत नाही, आणि या दोहोंतला फरक फारसा कोणी सांगत नाही.

काही कामे आपला निकाल आपणच देतात. संगणकाला दिलेली आज्ञा चुकली तर तो चालत नाही. पोळी फुगते किंवा फुगत नाही. जेल रोडवर फोन दुरुस्त करायला बसलेल्या मुलाला आपले काम बरोबर झाले का हे कोणाला विचारावे लागत नाही. पडदा उजळतो किंवा काळा राहतो. अशा कामांत व्हिडिओ हा पुरेसा गुरू आहे, कारण दुरुस्त करण्याचे काम वस्तूच करते. या संदर्भात एकलव्याचे उदाहरण हटकून दिले जाते: मातीच्या पुतळ्यासमोर बसून तो शिकला, मग आपण का नाही? पण एकलव्य धनुर्विद्या शिकत होता. बाण लागला की नाही हे लक्ष्य सांगत होते. तो पुतळ्यासमोर बसून गाणे शिकला असता का, याची मला शंका आहे.

गाणे, उच्चार, बॅटिंगचा पवित्रा, योगासने, अक्षर, भाषण ही कामे दुसऱ्या जातीची. इथे चूक करणाऱ्याला चूक जाणवत नाही. सूर उतरलेला असतो आणि गाणाऱ्याला तो लागल्यासारखा वाटतो. गुडघा चुकीच्या कोनात वाकलेला असतो आणि महिनाभर काही दुखत नाही. इथे बाहेरचा कान किंवा बाहेरचा डोळा लागतोच.

या बाबतीत इंदूरच्या आसपास दोन मोठी माणसे होऊन गेली. उस्ताद अमीर खाँ यांनी ज्यांच्या गायकीतून आपले गाणे घडवले ते अब्दुल वहीद खाँ, देवासचे रजब अली खाँ आणि भेंडीबाजारचे अमान अली खाँ. यांच्यापैकी कोणाचाही त्यांनी रीतसर गंडा बांधला नव्हता. ऐकून ऐकून त्यांनी ते आपलेसे केले. आजच्या भाषेत हे दुरून शिकणे झाले. पण त्याआधी काय झाले होते? वडील शहामीर खाँ होळकर दरबारात सारंगी वाजवत. घरातच तालीम झाली, मेरुखंडाच्या स्वररचना गळ्यावर चढल्या, गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची घरी ये-जा होती. पाया वडिलांच्या देखरेखीखाली भरला गेला होता. ज्याच्याजवळ आधीच चाळणी आहे, त्याला ऐकलेल्यातून काय घ्यायचे आणि काय सोडायचे हे कळते.

दुसरे कुमार गंधर्व. १९२४ साली बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेला शिवपुत्र कोमकळी नावाचा मुलगा मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्या जशाच्या तशा गाऊन दाखवी, आणि लोक थक्क होत. ग्रामोफोनची तबकडी हा त्या काळचा यूट्यूबच. वडिलांनी या मुलाला मुंबईला प्रा. बी. आर. देवधरांकडे शिकायला ठेवले, हे मला त्या चमत्काराहून मोठे वाटते. हुबेहूब नक्कल करणाऱ्याला गुरू कशाला, असे म्हणून मैफिलीच करत राहता आले असते. तबकडीने त्याला गाणे दिले होते. आपण काय गातो आहोत, हे ओळखायला मात्र माणूस लागला. पुढे १९४८ साली क्षयाच्या आजारात ते देवासला आले आणि माळव्याच्या लोकधुना कानात साठवत राहिले, तेव्हा ते नक्कल करणारे उरले नव्हते.

सगळ्यांनाच देवधर मिळत नाहीत. मग निदान मोबाइल उलटा धरावा. ज्या फोनवर दुसऱ्याचे गाणे पाहिले, त्यावर आपले ध्वनिमुद्रित करावे आणि दुसऱ्या दिवशी, कान थंड झाल्यावर, दोन्ही एकापाठोपाठ ऐकावीत. आपला आवाज आपल्याला कवटीच्या हाडांतून वेगळाच ऐकू येतो; यंत्र तो इतरांना येतो तसा ऐकवते. पहिल्यांदा फार वाईट वाटते. पंधरा दिवसांनी तेच ध्वनिमुद्रण जाणकाराला पाठवून ‘यात सर्वांत मोठी चूक एकच सांगा’ असे विचारावे. ‘कसे झाले?’ असे विचारले तर ‘छान’ एवढेच उत्तर येते.

आता वेळेविषयी. भंवरकुआँच्या अभ्यासिकांमध्ये राज्यसेवेची तयारी करणारी मुले व्याख्याने पावणेदोनपट किंवा दुप्पट वेगाने ऐकतात. त्यांना दोष देणारे पालक भेटतात. तो दोष तितकासा खरा नाही. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या २०२१च्या एका अभ्यासात, दुप्पट वेगापर्यंत व्याख्यान ऐकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या समजुतीत फारशी घट आढळली नाही. माहिती कानावर घालायची असेल तर वेग वाढवायला हरकत नाही. वाचलेला वेळ कुठे जातो हे पाहिले पाहिजे. तो पुढच्या व्हिडिओत गेला तर पाण्यात गेला.

तो कुठे जावा, हे २००६ साली हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी दाखवले. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्याने वाचून मिटला आणि आठवेल ते लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे होते, आणि बरेच. व्हिडिओलाही हेच लागू आहे. संपला की फोन पालथा ठेवायचा आणि पायऱ्या कागदावर लिहायच्या, किंवा न पाहता ते काम करायचे. जिथे अडेल तेवढाच तुकडा पुन्हा पाहायचा. परवा पुन्हा एकदा, मग आठवड्याने. आपल्या आज्या लोणच्याची कृती वहीत न लिहिता वर्षातून एकदाच बिनचूक करत. त्यांच्या आयांनी त्यांना वहीवर विसंबू दिले नव्हते.

व्हिडिओ निवडावा कसा, याला लांबीचा निकष बरा. एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या मंचावरच्या अभ्यासक्रमांत ६९ लाख वेळा व्हिडिओ पाहिले गेले, त्यांची नोंद २०१४ साली अभ्यासली गेली तेव्हा लोक साधारण सहा मिनिटांपर्यंतच टिकतात असे दिसले. व्हिडिओ कितीही लांब असो. म्हणून दीड तासाचा ‘संपूर्ण कोर्स’ घेतलाच तर त्याचे तुकडे स्वतःच पाडून घ्यावेत. आणखी एक पाहावे: शिकवणारा चूक झालेलीही दाखवतो का? फाटलेली पोळी, उसवलेली शिवण, न चाललेला प्रोग्राम आणि तो कसा सावरायचा, हे दाखवणारा एक व्हिडिओ सगळे सुरळीत होणाऱ्या दहांपेक्षा कामाचा. एकदा निवडला की महिनाभर तोच धरावा. पाच गुरूंचे पाच हात पाहून आपला हात कोणाचाच होत नाही.

शहराने एक कौशल्य कसे शिकले, ते इंदूरकरांनी स्वतःच पाहिले आहे. २०१७पासून २०२३पर्यंत सलग सात वर्षे स्वच्छ सर्वेक्षणात हे शहर पहिले आले. सातव्या वर्षी सुरतेच्या बरोबरीने. कचरा वेगळा कसा करावा याची गाणी वाजली, चित्रफिती फिरल्या, फलक लागले. पण माझ्या मते आम्हाला शिकवले ते कचरागाडीच्या मागे उभ्या असलेल्या माणसाने. ओल्यात प्लास्टिक दिसले की तो डबा परत करी, बहुतेक वेळा एक अक्षर न बोलता. रोज सकाळी, दारात, शेजाऱ्यांच्या देखत. दोन महिन्यांत घरातली लहान मुले मोठ्यांना ओरडू लागली. चित्रफीत एकदा पाहिली होती. डबा कितीदा परत आला ते मोजलेले नाही.

म्हणून इंदुरातल्या मराठी संस्थांना, महाराष्ट्र साहित्य सभेपासून गल्लीतल्या गणेश मंडळापर्यंत, एक विनंती. या शहरात निवृत्त फिटर आहेत, शिवणकामात हयात घालवलेल्या बायका आहेत, पेटी वाजवणारे आहेत, बँकेत तीस वर्षे हिशेब केलेले आणि एक्सेलशी झुंजलेले लोक आहेत. संस्थांकडे जागा आहे आणि ती बहुतेक संध्याकाळी कुलूपबंद असते. नवे वर्ग काढू नका, शिकवायला व्हिडिओ पुष्कळ आहेत. आठवड्यातली एक संध्याकाळ खोली उघडी ठेवा. ज्याने जे व्हिडिओवरून शिकले असेल ते त्याने घेऊन यावे, तिथे बसून करावे आणि जाणकाराने नुसते बघावे; आटा जास्त आवळला जात असेल तर मनगट धरावे. खर्च चहाचा आणि पोह्यांचा. पोहे मी आणतो.